आत्याचं मक्याचं कणीस

माढ्याची कमळाआत्या आधी हसायची आणि कशाला हसली ते मग सांगायची. हसताना तोंडाला पदर लावणं तिला माहीतच नव्हतं. दात पिवळेजर्द, झिजून आखूड झालेले. कुणी टक लावून बघितलंच तर म्हणायची, "मक्याचं कणीस हाय माजं. बघा की निवांत." सोलापूरला आमच्याकडे आली की कडक भाकरी आमटीत पार मऊ होईस्तोवर भिजवायची. माझे वडीलही तशीच खायचे, पण ते म्हणे आवड म्हणून.

मला पक्के दात आले तेही पिवळे. शाळेतल्या बाई म्हणाल्या, दात घासत जा. मी राखुंडीनं खसाखसा घासू लागले. दात उलट ठणकू लागले आणि मी हसायचंच सोडलं. आत्याला ते काही बघवेना. तिनं मला दातांच्या डॉक्टरीणबाईंकडे नेलं. झुपकेदार मिशांचे वडीलही मुकाट्यानं मागून आले.

बाईंनी समजावून सांगितलं. दातावरचं टणक कवच दात हिरडीत असतानाच चढतं. ते चढवणाऱ्या पेशी काम संपवून जातात, पुन्हा येत नाहीत. माझं कवच मुळातच कच्चं होतं, आणि असा दोष बहुतेक वेळा जनुकांतून, घराण्यातून येतो. घरात आणखी कुणाचं असं आहे का, त्यांनी विचारलं. आत्या तोंड उघडून उभीच होती. वडील घाईनं म्हणाले, बाकी कुणाचं नाही, माझे दात तंबाखूनं गेलेत.

आत्या हसली. मग म्हणाली, "दादा, तुज्या तोंडात सुपारी तरी कुणी बगितली का? मिशी वर कर की."

वडिलांनी केली. खाली तेच कणीस.

"पोरी, तुजं काय चुकलं न्हाई," आत्या मला म्हणाली. "गवंडी गिलावा अर्दवट टाकून गेला, त्याला घर काय करणार?"

राखुंडी त्याच दिवशी उकिरड्यावर गेली. पुढं माझ्या दातांवर टोप्या बसल्या; आत्यानं मात्र शेवटपर्यंत कणीसच मिरवलं. ती गेल्यावर आमचं घर फारच शहाण्यासारखं वागू लागलं.

परवा माझ्या लेकीचा पुढचा पक्का दात वर आला, पिवळा. ती आरशापुढं ओठ घट्ट मिटून उभी होती. वडिलांनी तिला जवळ बोलावलं, तोंड उघडायला लावलं आणि स्वतःची मिशी वर करून उरलेसुरले दात दाखवले.

"आमची कमळी आली की परत," ते म्हणाले.

लेक आधी हसली आणि कमळी कोण ते तिनं मग विचारलं.