नाव घेऊन दिलेलं मत

माझा स्वभाव तापट आहे, आणि पायावर धोंडा मी माझ्याच हाताने पाडून घेतला. दोन्ही गोष्टी आधीच कबूल करते, म्हणजे मागून कुणी शहाणपणा शिकवायला नको.

रिटायर झाल्यावर मी ग्लासगोतल्या एका अर्काइव्हमध्ये आठवड्यातून दोन दिवस व्हॉलंटियर म्हणून जाऊ लागले. जुनी पत्रं वाचायची आणि कॉम्प्युटरवर उतरवायची, एवढंच काम. गेल्या वर्षी माझ्या वाट्याला एका सुताराची पत्रं आली. हा बाबा एकोणिसाव्या शतकात इथून कॅनडाला गेला आणि तिथल्या प्रांताच्या विधानसभेला चक्क उभा राहिला. तेव्हा तिथे गुप्त मतदान नव्हतंच. लाकडी मंचावर चढायचं, सगळ्या गावादेखत उमेदवाराचं नाव मोठ्याने घ्यायचं, कारकून ते वहीत लिहून घेणार. खाली गर्दी, दारू, शिवीगाळ. सुतार पडला. बहिणीला लिहिलेल्या पत्रात त्याने कोणी कोणाचं नाव घेतलं त्याची यादीच दिली होती. विरुद्ध बाजूला त्याच्या बायकोचा सख्खा भाऊसुद्धा होता. पण खाली त्याने लिहिलं होतं की निदान कोण कुठे उभा आहे ते तरी कळलं. मला ते इतकं आवडलं की मी घरी येऊन नवऱ्याला दोनदा सांगितलं.

त्याच सुमारास आमच्या मंडळाची निवडणूक आली. मंडळ म्हणजे इथली मराठी बौद्ध कुटुंबं, चाळीसेक माणसं. रविवारी कम्युनिटी सेंटरचा हॉल मिळतो. बुद्धवंदना झाली की तासभर मी मुलांना मराठी शिकवते, अकरा वर्षं शिकवतेय. अध्यक्षपदासाठी उभ्या असलेल्या तरुण डॉक्टरांना तो तास बंद करून करिअर गायडन्स सुरू करायचा होता. मुलं कमी येतात हे खरं आहे. सहाच येतात. पण ती सहा मुलं भारतातल्या आजीशी फोनवर स्वतः बोलतात, मध्ये आईला घ्यावं लागत नाही.

"तू उभी राहा, नाहीतर तुझा वर्ग गेलाच म्हणून समज," असं मला मैत्रिणीनेच सांगितलं. पंचवीस वर्षांची मैत्रीण. एका हॉस्पिटलच्या लॅबमध्ये आम्ही शेजारीशेजारी उभ्या राहून काम केलं. तिच्या धाकटीला बाराखडी मी शिकवली. अर्जावर सूचक म्हणून सही तिचीच. माझ्या किचनमध्ये बसून तिने माझं भाषण तीनदा ऐकलं आणि कुठे हळू बोलायचं तेही सांगितलं.

सभेत मीच उठून म्हटलं, चिठ्ठ्या कशाला? एकेकाने पुढे यावं आणि नाव घ्यावं. सुताराची गोष्टही सांगितली. एक वयस्कर काका म्हणाले, "अहो ताई, मत झाकलेलं असतं म्हणून गरिबाला देता येतं. आमच्या वडिलांचं मत पाटलाला कळलं असतं, तर दुसऱ्या दिवशी कामावर घेतलं नसतं."

"काका, इथे कोण पाटील बसलाय?" मी म्हटलं. लोक हसले. डॉक्टर म्हणाले, त्यांची हरकत नाही. झालं, ठरलं.

मैत्रीण नववी होती. पुढे आली आणि माझ्याकडे न बघता तिने डॉक्टरांचं नाव घेतलं. मला वाटलं, चुकली. मी हसून म्हटलंसुद्धा, "अगं, तू सूचक आहेस माझी."

"माहीत आहे," ती म्हणाली आणि जाऊन बसली. पुढे कोणी काय म्हटलं ते मला आठवत नाही. मी सपाटून पडले.

कार पार्कमध्ये तिला गाठलं. विचारलं, मग सही कशाला केलीस?

"कुणीतरी उभं राहायला हवं होतं ना. डॉक्टर म्हणाले, बिनविरोध आलो तर लोक म्हणतील लादला. तुझ्याशिवाय कोण तयार झालं असतं?"

"आणि वर्ग?"

"सहा मुलांसाठी किती वर्षं हॉल अडवायचा?" मग तीच चिडली. मी नाही, ती. "चिठ्ठ्या असत्या तर तुला कळलंही नसतं. सगळं नीट राहिलं असतं. कुणी सांगितलं होतं हे उद्योग करायला?"

माझ्या अंगाची लाही लाही झाली. मी तिला काय काय बोलले ते इथे लिहीत नाही, पण काही शिल्लक ठेवलं नाही.

राग उतरायला आठवडा गेला. तो उतरल्यावर जे कळलं ते रागापेक्षा वाईट होतं. ती खरंच बोलत होती. चिठ्ठ्या असत्या तरी मी पडलेच असते, आणि त्या संध्याकाळी रडायला तिच्याच घरी गेले असते. तिने चहा केला असता, पाठीवरून हात फिरवला असता. आणि मी तिला म्हटलं असतं, बघितलंस ना लोक कसे असतात, माझी म्हणायला एक तूच आहेस.