कुंपणावरची कळलावी

आमच्या गल्लीतली पोरं माझ्या परसाला भुताची बाग म्हणतात. मला त्याचं काही वाटत नाही. बाग म्हणतात हेच पुष्कळ झालं. जव्हारमध्ये बाकीच्यांच्या दारात जास्वंद, मोगरा, नाहीतर नर्सरीतून आणलेलं क्रोटन असतं. माझ्याकडे फाटकाशी सातवीण आहे, मागच्या तारेवर खाजकुइली आणि गुंज आहे. सगळी रानातून आलेली आणि लोकांनी नावं ठेवलेली मंडळी. सूर्यमाळच्या बाजूला पाड्यांवरच्या शाळांत उभा जन्म शिकवलं, निवृत्तीला शाल-श्रीफळ मिळालं, ते कपाटात पडून आहे. ही झाडं मात्र मी मागून आणली.

आश्विनात या मंडळींना जोर येतो. सातवीण फुलली की संध्याकाळी तिचा वास अख्ख्या गल्लीत भरतो आणि कुणी ना कुणी येऊन सांगतंच, बाई, या झाडावर बसलेलं असतं हं. काय बसलेलं असतं, ते कुणी सांगत नाही. मी म्हणते, बसू द्या की, भाडं कुठे मागतेय मी. ज्या झाडाच्या लाकडाच्या पाट्या करून पोरं शिकली त्याला भुताचं झाड म्हणायचं, याचा मला राग येतो. गुंजेचे लालभडक दाणे उकललेल्या शेंगांतून बघायला लागतात तेव्हा पोस्टमन फाटकातूनच हाक मारतो. खाजकुइलीबद्दल मात्र मी वाद घालत नाही. तिच्या शेंगांवरच्या कुसांनी शेजारच्या वहिनींचा एक टॉवेल बाद केला होता आणि त्या दोन दिवस अंग खाजवत होत्या.

या वहिनी म्हणजे गिरणीवाल्या वहिनी. आमच्या दोघींच्या परसांत एकच तारेचं कुंपण. त्यांचे मालक गेल्यावर पिठाची गिरणी त्यांनी एकटीनं चालवली. माझ्यापेक्षा चार-पाच वर्षांनी मोठ्या, बोलायला कमी, कामाला वाघ. मी त्यांना वहिनी म्हणायची, त्या मला बाई म्हणायच्या, आणि एकवीस वर्षं आम्ही एकमेकींना अहो-जाहो करत राहिलो. रोज संध्याकाळी कुंपणाच्या दोन बाजूंना दोन खुर्च्या टाकायच्या आणि चहाचे कप तारेवरून इकडे-तिकडे द्यायचे. माझा त्यांच्याशिवाय दिवस संपत नसे. हे मी त्यांना कधी सांगितलं नाही, कारण असलं काही बोलायची आमची पद्धतच नव्हती.

मागच्या वर्षी त्यांच्या मुलानं ठरवलं की आईला नाशिकला न्यायचं. गुडघे गेलेले, गिरणीचं ओझं उचलवत नाही. दिवाळी झाली की निघायचं असं ठरलं. वरवर मी म्हटलं, चांगलंच आहे, नातवंडांत राहाल. मनात मात्र दिवस मोजायला लागले. उरलेले महिने तरी नीट जावेत, एवढंच मला हवं होतं.

आणि नेमकी त्याच वर्षी मी कळलावी लावली.

सूर्यमाळकडची एक बाई बाजाराला रानभाजी घेऊन येते. तिच्या धाकट्या बहिणी माझ्याकडे शिकलेल्या, म्हणून माझ्यावर तिचा हक्क. ज्येष्ठात तिनं टोपलीतून एक कांदा काढून दिला, नांगराच्या फाळासारखा वाकडा. अट घातली की वाढला की दिवाळीत त्यातला तुकडा मला परत द्यायचा. मी तो कुंपणाशी पुरला. आषाढात कोंब वर आला, पानांच्या टोकांनी तारेला विळखे घातले, आणि श्रावणात फुलं आली. आधी हिरवट, मग पिवळी, मग टोकांकडून पेटत जाऊन पूर्ण लाल. शाळेत जाताना पायवाटेला मी हे फूल इतकी वर्षं पाहिलं होतं. ते माझ्या परसात आलं म्हणून मी लहान मुलीगत खूश झाले.

वहिनी खूश नव्हत्या. कळलावी घराजवळ लावत नाहीत, घरात भांडणं लागतात, हे आपल्याकडे कुणी ऐकलेलं नसतं? नावातच सगळं आलं. कळ लावणाऱ्या माणसालासुद्धा आपण कळलाव्याच म्हणतो. त्यात श्रावणातच वहिनींचं आणि मुलाचं गिरणी विकण्यावरून वाजलं. कधी आवाज न चढवणारा मुलगा फोनवर आईला बोलला. वहिनींनी खापर फोडलं ते माझ्या झाडावर. एका संध्याकाळी चहाचा कप हातात धरून म्हणाल्या, बाई, तेवढं काढून टाकलंत तर बरं होईल. इतक्या वर्षांत त्यांनी माझ्याकडे दुसरं काही मागितलं नव्हतं.

मी काढायला हवं होतं का, ते आजही मला ठरवता येत नाही. पण माझा स्वभाव वेगळा. मी त्यांना तासच घेतला. झाडं भांडणं लावत नाहीत, माणसं लावतात. तुम्ही गिरणी चालवलेली बाई आणि असल्या गोष्टी मानता. विष आहे त्यात, ते मला ठाऊक आहे, म्हणून मी पोरांना आत येऊ देत नाही. बाकी काही नाही. वहिनींनी ऐकून घेतलं, कप धुऊन परत दिला आणि विषय तिथंच संपला. निदान मला तसं वाटलं.

घटस्थापनेच्या आदल्या दिवशी मी मोतीबिंदूच्या ऑपरेशनला गेले. परसाची किल्ली आणि पाण्याची जबाबदारी वहिनींवर टाकली. भाचीकडे मुक्काम लांबला. परत आले ती दसरा उलटल्यावर, डोळ्यावर काळा चष्मा लावून. पिशवी ओसरीवर टाकली आणि थेट परसात गेले. कुंपणाची तार मोकळी होती. एक पान नाही, एक देठ नाही, खालची जमीन झाडून साफ. आणि पलीकडे वहिनींच्या उकिरड्यावर वाळलेला पिवळा वेल पडलेला. टोकाचे विळखे बघून मी तो ओळखला.

माझ्या डोक्यात तिडीक गेली. वहिनी चुलीपाशी होत्या. मी त्यांच्या दारात उभी राहिले, आत गेलेच नाही, आणि म्हटलं, ‘‘नको होतं तर माझ्या तोंडावर उपटायचं होतं वहिनी. आंधळीच्या पाठीमागं नाही.’’

त्यांनी माझ्याकडे बघितलं. आत गेल्या, खिळ्यावरची किल्ली काढून आणली आणि माझ्या हातावर ठेवली.

‘‘किल्ली घ्या तुमची, बाई.’’

त्यानंतर खुर्च्या निघाल्या नाहीत. कोजागिरीला गल्लीतल्या सगळ्या बायकांनी दूध केलं. त्या एका टोकाला, मी दुसऱ्या. मी मनात म्हणायची, चूक त्यांची, बोलायचं तर त्यांनी. त्यांच्या घरातून खोकी बांधल्याचे आवाज यायचे. मी रेडिओ मोठा करायची. दिवाळीत फराळाची ताटं घरोघर गेली. माझं ताट त्यांच्या घरी गेलं नाही, त्यांचं माझ्याकडे आलं नाही. कधी नव्हे तो मला असाही विचार चाटून गेला की त्या झाडानं खरंच करून दाखवलं. मग आणखीच चीड यायची.

भाऊबीजेच्या सकाळी ती रानभाजीवाली आपला तुकडा मागायला आली. मी तिला सगळी कथा ऐकवली, चांगली रंगवून, वहिनींनी कसं उपटलं ते. तिनं ऐकलं आणि तार मोकळी होती तिथं बसली. कोयत्याच्या टोकानं माती उकरायला लागली. म्हटलं, अगं, काय उकरतेस, गेलंय ते.

‘‘मेला नाय बाय तो,’’ ती म्हणाली. ‘‘निजलाय.’’

वीतभर खाली कांदा होता. ज्येष्ठात लावला त्याहून मोठा, दोन फाट्यांचा, पांढरा, टणक. ती हसायला लागली. आश्विनात कळलावी वरून वाळते, सगळी जाते, आणि खाली पावसाळ्याची वाट बघत पडते. हे पाड्यावरच्या शेंबड्या पोराला माहीत असतं, आणि बाईंना नाही. मला खरंच माहीत नव्हतं. इतकी वर्षं पायवाटेला बघितली ती श्रावण-भाद्रपदात. आश्विनात वाटेकडेचं गवत कापलं जायचं, त्यात तीही जायची. ती वाळताना मी एकदाही बघितली नव्हती. नवरात्राआधी पानं पिवळी पडली असणार, ती मोतीबिंदूच्या डोळ्याला दिसली नाहीत. म्हणजे वहिनींनी दसऱ्याला मेलेला वेल ओढून माझी जागा झाडून ठेवली होती, बाकी काही केलं नव्हतं.

कांदा चाचपत ती सांगत होती की तिची आई सुईण होती. बाई अडली, कळा येईनात, की या कांद्याचा लेप तळपायाला लावायचा आणि मूल बाहेर आलं की त्याच क्षणी पुसून टाकायचा. जीव वाचवायला लावायचा, पण जास्त वेळ राहिला तर जीव घेईल असा. म्हणून तो घरात ठेवायचा नाही, दाराशी लावायचा नाही, पोरं तोंडात घालतात. आता कुणी लावत नाही, आता गाडी बोलावतात, आणि तेच बरं, असंही म्हणाली. पण ती कळ बाळंतपणाची. भांडणाची कळ तुम्ही गावातल्या लोकांनी लावलीत, असं म्हणून तिनं आपला तुकडाही मागितला नाही. यंदा नको, पुढच्या दिवाळीला घेईन म्हणाली आणि टोपली उचलून गेली.

मी तिथंच मातीत बसून राहिले. इतकी लाज मला आयुष्यात वाटली नव्हती. वर्गात एखाद्या पोराला न विचारता फोडून काढावं आणि मग कळावं की पाटी त्यानं फोडलीच नव्हती, तसं झालं. भांडण झाडानं लावलं नव्हतं. ते मी लावलं होतं, आणि पावसाळाभर सगळ्यांना शिकवत फिरत होते की झाडं भांडणं लावत नाहीत. दुसऱ्या दिवशी सकाळी वहिनींचा टेम्पो येणार होता.

तो कांदा तसाच मातीसकट हातात घेऊन मी त्यांच्याकडे गेले. ओसरीवर खोक्यांची रास होती, वहिनी सुतळी ओढत होत्या. मी हात पुढे केला, इतकंच. त्यांनी कांदा बघितला, माझं तोंड बघितलं. मग उठल्या आणि एका बांधलेल्या खोक्याची सुतळी सोडली. आवळलेली गाठ त्यांच्या बोटांना सुटेना, तरी सोडली. आतून मिठाईचा एक डबा काढून माझ्यापुढे धरला. त्यात कागदावर कळलावीची सुकलेली बोंडं होती, उकललेली, आत शेंदरी बी. पोरं खातील म्हणून वेल ओढायच्या आधी एकेक खुडून ठेवली होती. मी आल्यावर द्यायला.

‘‘मग त्या दिवशी बोलला का नाहीत?’’ मी विचारलं.

‘‘अगं, उपटायचं असतं तर श्रावणातच उपटलं असतं,’’ वहिनी म्हणाल्या. ‘‘तुझा जीव होता ना त्याच्यावर.’’

अगं म्हणाल्या. तुझा म्हणाल्या. एकवीस वर्षांत पहिल्यांदा. मी खोक्यावर बसले आणि रडले. त्यांनी मला रडू दिलं आणि मग चहा टाकला. पातेली बांधली गेली होती, म्हणून वाटीत केला.

मी म्हटलं, कांद्याला दोन फाटे आहेत, एक तुम्ही न्या, नाशिकला कुंडीत लावा. तर एकदम मागं सरकल्या. नको गं बाई, म्हणाल्या, तिथं सून आहे. मग दोघी इतक्या हसलो की त्यांचा मुलगा बाहेर येऊन बघून गेला. मी कळ आणि कळा यातला फरक सांगायला लागले, तर म्हणाल्या, तास घेऊ नकोस, पटलंय मला; पण सुनेच्या घरात नको.

सकाळी टेम्पो गेला. मी कांदा पुन्हा कुंपणाशी पुरला, दोन्ही फाट्यांसकट. पलीकडचं घर बंद आहे. हिवाळा, उन्हाळा मी एकच खुर्ची टाकून काढला आणि चहा लवकर संपायला लागला.

या आषाढात दोन कोंब वर आले. एक माझ्या बाजूला, आणि दुसरा तारेखालून वहिनींच्या परसात. मी फोन लावला. त्यांनी उचलला आणि मी काही बोलायच्या आत विचारलं, ‘‘आली का गं?’’

दोन आल्यात म्हणून सांगितलं. दुसरी कुठे आली तेही सांगितलं. मग म्हणाल्या, माझ्या परसात आलीय तर आता ती माझी, तिला हात लावू नकोस, दसऱ्याला मीच येऊन झाडीन. मला नेहमीसारखं म्हणायचं होतं की या वहिनी, जरूर या, वाट बघते. तोंडात तेच तयार होतं.

‘‘ये वहिनी,’’ मी म्हटलं. ‘‘तू ये.’’