टाचणीबाईंची पक्की टीप

टाचणीबाईंचं खरं नाव गल्लीत कुणाला ठाऊक नव्हतं. तोंडात सदा टाचण्या धरलेल्या, आणि टाचण्या काढून ठेवल्या की बोलणं त्याहून टोचरं. मग दुसरं नाव काय पडणार? दुकान पोलीस ठाण्याच्या बरोबर समोर. एक शिलाईयंत्र, कापायचं टेबल, आडोशाला इस्त्री आणि दाराशी आरसा. गिऱ्हाइकांना वाटे, आरसा आपल्यासाठी आहे. तो टांगला होता अशा कोनात, की यंत्रावर मान घालून बसलेल्या बाईंना ठाण्याचं दार दिसावं. कोण आत गेलं, कोण बाहेर आलं, आणि आत गेलेलं माणूस बाहेर येताना लंगडत तर नाही ना, यावर त्यांचा डोळा असे.

हा काही जन्माचा स्वभाव नव्हता. दुधानं तोंड पोळलं की माणूस ताकही फुंकून पितं, त्यातली गत. पुष्कळ वर्षांपूर्वी कारखान्याच्या फाटकावर पोलिसांनी लाठ्या चालवल्या, त्यात बाईंच्या नवऱ्याचा उजवा हात असा मोडला की पुन्हा सरळ झाला नाही. त्याच्यासारखं कापड कापणारा गावात दुसरा नव्हता. आता डाव्या हातानं इस्त्री फिरवतो. चौकशी बसली. मोठमोठ्या माणसांनी विचारलं, "मारणाऱ्याचं नाव काय?" नाव सांगणार कुठून? तेव्हा छातीवरची नावाची पट्टी पिनेनं लावायची पद्धत होती, आणि लाठ्या उगारण्याआधी सगळ्यांनी पट्ट्या काढून खिशात घातल्या होत्या. निकाल लागला: मारणारा ओळखता आला नाही. म्हणजे हात बहुधा आपोआपच मोडला असावा!

असे आपोआप मोडलेले हातपाय पुढे गावोगाव निघाले. लोकांनी बोंबा मारल्या, वर्षं गेली, आणि अखेर वरून हुकूम सुटला की नावाची पट्टी यापुढे शर्टावर शिवूनच टाकायची. ठाण्यात नव्यानं आलेल्या इन्स्पेक्टर, ज्यांना गल्ली साहेबबाई म्हणे, स्वतः रस्ता ओलांडून दुकानात आल्या.

"हे काम तुम्हीच करावं असं मला वाटतं."

"मीच का?"

"तुमच्या घरी काय झालं ते मी वाचलंय."

त्या गेल्यावर नवरा इस्त्री उभी करत म्हणाला, "बरी वाटते गं बाई."

"गोगलगाय अन् पोटात पाय! कोपराला गूळ लावायला आलीय. उद्या कुणी तक्रार केली की बोट दाखवून म्हणायला बरं, बघा, मार खाल्लेल्याची बायकोसुद्धा आमच्याच बाजूची."

तरी काम घेतलं. दुसऱ्यानं कच्चं करण्यापेक्षा आपल्या हातून पक्कं झालेलं बरं. पण शर्ट काही येईनात. आज येतील, उद्या येतील. बाईंच्या मनात पाल चुकचुकायला लागली.

त्यातच मोर्चा ठरला. बाईंची मुलगी इस्पितळात सफाईला होती. कचऱ्यातल्या सुया टोचून आजारी पडलेल्या बायकांना ठेकेदारानं घरी बसवलं, म्हणून बाकीच्या रस्त्यावर उतरणार होत्या, आणि मुलगी सगळ्यांच्या पुढे. बाई तिला रोज एकच सांगत, "मागं रहा." मुलगी रोज एकच म्हणे, "सगळ्याच मागं राहिल्या तर पुढं कोण, आई?"

मोर्चाच्या आदल्या दुपारी हवालदार शर्टांचा गठ्ठा घेऊन हजर. हे गृहस्थ आधी पोटानं दुकानात शिरत आणि मग बाकीचे.

"पट्ट्या शिवा. पण पक्की टीप नको हं. कोपऱ्यात दोन-दोन कच्चे टाके, बास."

"का म्हणून?"

"धुताना काढायला बरं पडतं. नाव फिकं होतं ना."

"साहेबबाईंनी सांगितलं?"

"साहेबबाई काय अन् मी काय, ठाणं एकच," हवालदार हसला.

इतके दिवस न आलेले शर्ट नेमके आजच यावेत, आणि तेही कच्च्या टाक्यांचे! साहेबबाईंना हे ठाऊक असेल? असणारच. गोड बोलणं एका तोंडानं आणि हे दुसऱ्यानं.

"ठेवा. संध्याकाळी न्या," एवढंच त्या म्हणाल्या.

"अगं, नाही म्हण," नवरा म्हणाला.

"नाही म्हटलं तर दुसरीकडे नेतील. तुम्ही इस्त्री करा."

आणि त्यांनी यंत्र सुरू केलं. प्रत्येक पट्टीला चारी बाजूंनी दुहेरी टीप, वर आडवी फुली. पण हवालदार काही दूधखुळा नव्हता; ओढून पाहिल्याशिवाय गठ्ठा उचलणार नाही हे त्या ओळखून होत्या. एक शर्ट त्याच्या मनासारखा करून वर ठेवणं भाग होतं. कुणाचा ठेवावा? त्यांनी हवालदाराचाच निवडला. त्या पोटाला नावाची गरज नव्हती; सगळी गल्ली ते लांबूनच ओळखायची.

संध्याकाळी हवालदारानं वरची पट्टी ओढून पाहिली. टाका सैल झाला. खूश होऊन गठ्ठा घेऊन गेला.

दुसऱ्या दिवशी बाई दुकान बंद करून मोर्चाच्या कडेनं चालल्या. इस्पितळाच्या फाटकाशी पोलिसांची रांग उभी होती. मुलगी घोषणा देत रांगेच्या अगदी समोर जाऊन ठाकली. हवालदारानं मान हलवली, आणि साऱ्या रांगेचे हात एकदम छातीशी गेले.

ओढतात, तर पट्टी निघेना! एकानं नखं लावली, दुसऱ्यानं हिसडा दिला. एका पोरसवद्या शिपायाचा खिसाच उसवत आला, पण नाव जागचं हललं नाही. फक्त हवालदाराची पट्टी अलगद निघून हातात आली. सगळी रांग आपापली छाती ओरबाडतेय, हे पाहून मोर्चातली एक बाई ओरडली, "अगं बाई, सगळ्यांना एकदम खाज सुटली!" हशा पिकला, तसे दहा जणांनी मोबाइल वर धरले.

साहेबबाई गाडीतून उतरून तडक हवालदारासमोर गेल्या. "हातात काय आहे?" त्यानं मूठ मिटली. त्यांनी ती उघडायला लावली, त्याची लाठी काढून घेतली आणि त्याला गाडीत बसवलं. मोर्चा सुखरूप पार पडला. मुलगी घसा बसून, पण धड हातापायांनी घरी आली, आणि टाचणीबाई तिला धरून ढसाढसा रडल्या.

पण डोळे पुसताच संशय जागेवर. साहेबबाईनं हे मनापासून केलं, की मोबाइल दिसले म्हणून?

उत्तर मिळायच्या आत साहेबबाईंची बदली झाली. हवालदार तिथंच राहिला. जाण्याआधी त्या दुकानात आल्या.

"एक विचारू? माझ्यावर विश्वास होता तुमचा?"

"नव्हता."

"आणि आता?"

"आता ठेवून काय करू? तुम्ही तर चाललात."

साहेबबाईंचा चेहरा उतरलेला पाहून टाचणीबाईंना वाईट वाटलं, पण बोललेला शब्द परत गिळायची त्यांना सवय नव्हती.

नवे साहेब आले. त्यांनी हवालदाराहाती निरोप धाडला: टीप बंद, पट्ट्या आता चिकटपट्टीनं लावायच्या, चर्रकन ओढली की निघेल अशा. बाईंनी गठ्ठा आल्या पावली परत केला. तो दुसऱ्या शिंप्याकडे गेला, आणि त्याबरोबर ठाण्याचं सगळं काम. नवऱ्यानं इस्त्री थंड करून ठेवली.

आजारी बायकांना परत कामावर घ्यायचा, पहिल्या मोर्चानंतर दिलेला शब्द ठेकेदारानं पाळला नाही, तेव्हा मोर्चा पुन्हा निघाला. फाटकाशी तीच रांग, आणि या वेळी सगळ्या छात्या कोऱ्या. मुलगी पुढे. टाचणीबाई कडेनं चालत होत्या त्या सरळ मध्ये घुसल्या आणि रांगेच्या टोकाला, ज्या शिपायाचा खिसा मागच्या वेळी उसवला होता, त्याच्यासमोर उभ्या राहिल्या.

"बाळा, नाव काय रे तुझं?"

त्यानं आधी हवालदाराकडे पाहिलं, मग बाईंच्या मागे उभ्या असलेल्या मुलीकडे. आणि खालच्या आवाजात, पण पूर्ण, आडनावासकट सांगितलं.

बाईंनी त्याला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं.

"खरं सांगितलंस ना?" त्या म्हणाल्या, आणि पुढच्याकडे सरकल्या.