आप्पांच्या पोटावरची पिशवी

आप्पांना वर्षभर रक्त जात होतं. मूळव्याध असेल म्हणून ते गप्प राहिले. साताऱ्याहून येऊन तीस वर्षं वाशीच्या मार्केटात कांद्याची पोती वाहिलेला माणूस. असल्या जागेचं दुखणं मुलीला कुठल्या तोंडाने सांगणार? आई असती तर तिच्या लक्षात आलं असतं. मला कळलं तोवर गुदाशयाचा कॅन्सर झाला होता.

रेडिएशनचे शेक घेऊन झाल्यावर डॉक्टर म्हणाले, "ऑपरेशन रोबोटने करू. भोकं लहान पडतात, आतल्या अरुंद जागेत नीट काम करता येतं."

"म्हंजी मशीन कापणार व्हय?" आप्पांनी विचारलं.

"कापणार मीच. त्याच खोलीत कोपऱ्यात बसून मशीनचे हात मी चालवणार."

बाहेर आल्यावर आप्पा हळूच म्हणाले, "बरं झालं. माणसाचा हात तितं नगं."

ऑपरेशन सहा तास चाललं. चौथ्या दिवशी आप्पा वॉर्डात चालायला लागले. पण आतली शिवण भरेपर्यंत आतड्याचं तोंड पोटावर काढलं होतं; संडास तिथे चिकटवलेल्या पिशवीत होणार होती. ती पिशवी रिकामी करायला, बदलायला मी रोज ऑफिसच्या आधी आणि नंतर माझ्या खारघरच्या घरून कोपरखैरण्याला आप्पांकडे जायचे. मी बदलत असताना आप्पा भिंतीकडे तोंड करून पडायचे. 

एका संध्याकाळी पिशवी तिसऱ्यांदा गळली. चादर काढली, पाणी गरम केलं आणि मी तशीच पलंगाला टेकून बसले. डोळा कधी लागला कळलं नाही. जाग आली तेव्हा आप्पा उठून बसले होते, एका हातात नवी पिशवी, दुसऱ्यात कात्री.

"दाव, भोक केवढं कापायचं."

त्या छोट्या कात्रीत त्यांची जाड बोटं मावेनात. भोक मोठं कापलं गेलं, पिशवी परत गळली. त्यांनी दुसरी घेतली. आठवड्याभरात सगळं स्वतःच करायला लागले.

चार महिन्यांनी आतडं परत आत जोडलं, पिशवी निघाली. रिपोर्ट चांगले आहेत. नातेवाईक म्हणतात, रोबोटने केलं ना, मग काय टेन्शन. पण गुदाशय काढल्यामुळे आप्पांना अजूनही दिवसातून आठ-दहा वेळा संडासला पळावं लागतं. ते लांब कुठे जात नाहीत.

रविवारी मी जाते. "आज किती वेळा?" मी विचारते.

"सात. काल अकरा." आता ते सरळ सांगतात.

स्वयंपाक करायचा असतो. पण आधी मी त्यांच्या पलंगावर जरा आडवी होते. ते टीव्हीचा आवाज बारीक करतात.