न्हाणीचं दार आणि डबल बेल

अणदूरच्या बजरंगमामांच्या घरात कुठलीच वस्तू आपणहून मोडत नाही. मोडायच्या आधीच मामा ती दुरुस्त करतात, आणि मग ती मोडते.

तीस वर्षं एसटीच्या वर्कशॉपात मेकॅनिकी केली. रिटायर झाल्यावर माणसं पारावर बसतात, देवळात बसतात, नाहीतर सुनेच्या डोक्यावर बसतात. मामा स्टुलावर चढले ते अजून उतरायचे आहेत. घर जुनं, दगडमातीचं, वर माळवद. अशा घरात रोज काहीतरी निघतंच. आज बिजागरी निघाली, उद्या भिंतीचा पोपडा, परवा कोनाड्यातनं मुंगळे. मामांना तर कामाला तोटा नको होता.

ओसरीतला पंखा लावायचा असेल तर स्वयंपाकघरातलं बटण दाबायचं. स्वयंपाकघरात उजेड हवा असेल तर पाण्याची मोटर चालू करायची. खिडकीला भंगारातनं आणलेली बसची सरकती काच, ती निम्म्यात येऊन अडते, एसटीत अडायची तशीच. माळवद गळतं तिथं साखळीनं घमेलं टांगलंय. कुणी विचारलं की मामांचं उत्तर ठरलेलं, "तात्पुरतं केलंय. नीट नंतर करू." घमेलं टांगल्याला अकरा वर्षं झाली. त्यात चिमण्यांनी दोनदा संसार थाटला, पोरं मोठी करून उडवून दिली, तरी घमेलं अजून तात्पुरतंच आहे.

मामांचा खरा जीव मात्र दोरीत. बसमध्ये कंडक्टर ओढतो तसली दोरी त्यांनी ओसरीपासून स्वयंपाकघरातनं थेट न्हाणीपर्यंत ओढून घेतली होती, आणि ओसरीत घंटी. एक बेल म्हणजे थांबा, दोन बेल म्हणजे चला. भाजी वाढताना मामी, म्हणजे महानंदामामी, हात आवरेनात की मामा तोंडानं बोलत नसत, दोरी ओढत. टण! मामी पळी जागच्या जागी थांबवायच्या. टण टण! की पुढं वाढायच्या. चाळीस वर्षांचा संसार, पण दोरी आल्यापासून दोघांचं भांडण झालं तरी दोरी अबोला धरत नसे. शेजारची शिवम्मा म्हणायची, "ह्या घरात यायचं म्हणजे तिकीट काढूनच यावं वाटतंय बया."

आणि मग न्हाणीचं दार.

पावसाळ्यात दार फुगलं. मामांनी रंधा मारला. उन्हाळ्यात ते इतकं सैल झालं की नुसत्या वाऱ्यानं उघडायला लागलं. मामांनी त्याला बसचा जुना खटका बसवला. दार लोटलं की खटका आपोआप पडे. बाहेरनं एका बोटानं उघडे, आतनं मात्र डावा खांदा वर लावायचा, गुडघ्यानं खाली रेटायचं आणि खंडोबाचं नाव घ्यायचं. तिन्ही एकदम जमलं तर दार उघडे. "तात्पुरतं हाय," मामा म्हणाले.

गेल्या महिन्यात मामी आत अडकल्या. मामा नेमके त्याच खटक्याची स्प्रिंग आणायला नळदुर्गला गेलेले. स्टँडवर जुने ड्रायव्हर भेटले, चहा झाला, गप्पांत इंजिनं निघाली, आणि तीन तास गेले. मामी आत दोरी ओढतायत, शिवम्मा शेताला गेलेली, ऐकायला कुणी नाही. शेवटी मामा आले. उंबऱ्यात एक चप्पल काढली, आणि घंटी वाजली. टण!

आता दुसरा कुणी असता तर आत धावला असता. हे पडले एसटीचे. सिंगल बेल झाली, म्हणजे थांबायचं! एक पाय चपलेत, एक पाय फरशीवर, हातात स्प्रिंगची पुडी, मामा जागेवर उभे. डबल बेल व्हायची वाट बघत! परत टण! परत थांबले. दहा मिनिटं हा गृहस्थ स्वतःच्या दारात थांबा धरून उभा होता. शिवम्मा शेतातनं आली, तिनं विचारलं, "मामा, कुणाला सोडायलाव?" तेव्हा कुठं डोक्यात उजेड पडला.

मामी बाहेर आल्या. रडल्या नाहीत, ओरडल्या नाहीत. केस पुसले आणि म्हणाल्या, "आता मिस्त्री."

मिस्त्री म्हणजे खालच्या गल्लीतला ईरण्णा. तो एकदा घरात शिरला की पंखा पंख्याच्या बटणावर लावणार, काच काढणार, घमेलं फेकणार आणि दोरी गुंडाळून कोपऱ्यात टाकणार. बारा वर्षांची मेहनत एका दिवसात उचलून नेणार तो! आणि त्यावर गाव म्हणणार, मेकॅनिकाच्या घरात मिस्त्री लागला. मामांना दोन दिवस भाकर गोड लागेना.

"मला एक संधी दे," मामा म्हणाले. "न्हाणीचं दार नीट करतो. तात्पुरतं न्हाय, कायमचं."

मामींनी पदर खोचला. "शुक्रवारी ईरण्णा येणार हाय. त्याच्यासमोर तुमी सोता आत जायचं, दार लावायचं, आन् आतनं उघडून दाखवायचं. उघडलं तर ईरण्णा चहा पिऊन परत. न्हाय उघडलं तर सगळं घर त्याच्या हवाली."

"ठरलं."

चार दिवस मामांनी दाराची नुसती पूजा बांधायची बाकी ठेवली. बिजागऱ्या बदलल्या, ग्रीस घातलं, नवी स्प्रिंग बसवली. गुरुवारी दुपारपर्यंत वीस वेळा आत जाऊन बाहेर आले, दार लोण्यासारखं उघडत होतं. इथं थांबायचं की नाही? पण गप बसतील ते बजरंगमामा कसले! खटका कधी निसटलाच तर म्हणून त्यांनी गुरुवारी संध्याकाळी वरच्या बाजूला आणखी एक खटका बसवला. सेफ्टीसाठी. आणि तो एकदाही लावून बघितला नाही, कारण तो सेफ्टीचा होता.

शुक्रवारी सकाळी ईरण्णा टेप, थापी घेऊन आला. मामा नवा शर्ट घालून तयार. "बघ रं ईरण्णा, याला काम म्हणत्यात," असं म्हणून ते आत गेले. दार लोटलं. खालचा खटका पडला, टक. वरचा पडला, टक.

मग बराच वेळ काहीच झालं नाही. नंतर आतनं खांद्याचा आवाज आला, गुडघ्याचा आला, खंडोबाचं नाव तर चारदा आलं. आणि ओसरीत घंटी वाजली. टण!

"काय म्हणालेत मामा?" ईरण्णानं विचारलं.

"थांबा म्हणालेत," मामी म्हणाल्या.

"मंग उघडू का न्हाय?"

"थांबा म्हणलेत की. बस. च्या टाकते."

चहा झाला. टण! ईरण्णानं शेजारच्या गल्लीतल्या गुरुलिंगच्या भिंतीचा किस्सा सांगितला. टण! मामींनी शेंगदाण्याची वाटी आणून ठेवली. सेफ्टीचा खटका बाहेरनंही उघडणारा नव्हता, हे फक्त मामांनाच माहीत होतं.

आत मामा दमून बसले. बादली उपडी घातली नव्हती, म्हणून खाली फरशीवरच टेकले, दारासमोर, भिंतीला पाठ लावून. तिथं बसल्यावर त्यांना दाराच्या खालच्या फळीवर काहीतरी दिसलं. चार दिवस रंधा, ग्रीस, स्क्रू सगळं केलं, पण उभ्यानंच. खाली बघितलंच नव्हतं. फळीवर तांब्याच्या काठाचे पोचे होते. एक नाही, दहा-बारा, एकाजवळ एक. मामी दोरी ओढून ओढून दमल्या असणार, खाली बसल्या असणार, आणि बसल्या जागेवरनं तांब्यानं दार बडवलं असणार. आणि आपण नळदुर्गच्या स्टँडवर क्लच प्लेटवर वाद घालत होतो. वर घरी येऊन दारात उभे, डबल बेलची वाट बघत.

मामांना इतकी लाज वाटली की कान तापले. त्यांनी एका पोच्यावर अंगठा ठेवला. अंगठा त्यात नेमका बसला.

मग ते उठले, दोरी धरली आणि ओढली. टण टण!

ओसरीत ईरण्णाचा हात शेंगदाण्याच्या वाटीत थांबला. "अक्का, आता दोनदा वाजलं."

मामींनी घंटीकडं बघितलं, मग न्हाणीकडं. आतनं मामांचा आवाज आला, "अगं ऐकलं का? चला म्हणतोय म्या! काढा दार, बिजागऱ्यासकट काढा!"

"ऐकलं," मामी म्हणाल्या, आणि डोळे पदरानं टिपले. "ईरण्णा, घे पहार."

दार निघायला अर्धा तास लागला, कारण काम मजबूत झालं होतं. मामा बाहेर आले, नव्या शर्टाला ग्रीस लागलेलं. मामींसमोर उभे राहून म्हणाले, "चुकलं माजं."

"व्हय," मामी म्हणाल्या.

दुपारपर्यंत पंखा पंख्याच्या बटणावर आला, घमेलं खाली उतरलं. सगळ्यात शेवटी ईरण्णा ओसरीत स्टुलावर चढला आणि घंटीला हात घालून म्हणाला, "अक्का, ही दोरी बी काढायची ना?"

मामा खाली बघत राहिले.

"ती राहू दे," मामी म्हणाल्या. "तात्पुरती."