मनकर्णाबाई घाट उतरल्या

मनकर्णाबाईंच्या नवऱ्याला, नानासाहेबांना डोळ्यांनी कमी दिसू लागलं, तशी सिल्लोडच्या त्यांच्या घरची गाडी शेडखाली उभीच राहिली. घाटाखाली सोयगावला मनकर्णाबाईंची धाकटी बहीण सखूबाई आजारी पडली, तेव्हाही बाईंना वेळेवर जाता आलं नाही. ते त्यांना लई लागलं होतं.

सून तनुजा वाळूजच्या कारखान्यात गाड्यांचे ब्रेक तपासायच्या कामाला होती. एका रविवारी ती म्हणाली, “आई, गाडी तुम्हीच शिका.”

“ह्या वयात? लोकं हसतील.”

“हसू द्या. मावशींकडं जायला मग कुणाची वाट बघायला नको.”

बाई तयार झाल्या. मोकळ्या रानात शिकताना एकदा समोर कडब्याची गंजी आली. त्यांनी घाबरून ब्रेक करकचून दाबला आणि स्टिअरिंग वळवलं. चाकं जाम झाली, गाडी घसरत सरळ गंजीत घुसली.

“मी वळवलं, पण तिनं ऐकलंच नाय,” बाई रडकुंडीला आल्या.

“टायरची जमिनीवरची पकड ठरावीकच असती, आई. सगळी थांबण्यात घालवली तर वळायला काय उरणार? अशा वेळी पाय जरा सैल सोडायचा. चाक फिरायला लागलं, की गाडी वळती.”

अंगावरचा कडबा झटकून बाई पुन्हा सीटवर बसल्या.

सोयगावला निघायच्या आधी तनुजानं बॉनेट दाबून सोडलं. गाडी बराच वेळ डुलत राहिली. “स्प्रिंग धक्का झेलती, पण तिची उसळी शॉकअपनं जिरवायची असती. हे शॉकअप गेलेत. चाक असं उड्या मारत राहिलं, तर रस्ता धरणार कसं?” तिनं ते बदलूनच घेतले.

दिवाळीनंतर बाई निघाल्या. शेजारी नानासाहेब. घाटात बाईंचा पाय ब्रेकवरून हलेना. थोड्या वेळानं जळकट वास आला आणि ब्रेक जास्त दाबावा लागू लागला. बाईंना तनुजाचा धडा आठवला. तनुजानं एकदा त्यांना तळहात घासायला लावले होते. ब्रेकही असाच तापतो, म्हणाली होती. गाडीचा वेग उष्णता होऊन निघतो, आणि ब्रेक फार तापला की त्याची पकड सुटते.

बाईंनी वेग कमी करून दुसरा गिअर टाकला. इंजिन गुरगुरलं, गाडी आवरली.

“बिघडली का काय?” नानासाहेबांनी विचारलं.

“नाय. आता इंजिनच तिला मागं धरतंय.”

रुंद जागा बघून त्यांनी गाडी कडेला घेतली, ब्रेक गार होईपर्यंत थांबल्या. नानासाहेब हळूच म्हणाले, “मी असतो, तर दाबतच राहिलो असतो.”

सोयगावात सखूबाई दारात आल्या आणि गाडीत डोकावल्या.

“ड्रायव्हर कुठंय?”

“ही काय, तुझ्यापुढं उभी.”

सखूबाईंनी बहिणीला खालपासून वरपर्यंत न्याहाळलं. मग पायात चपला सरकवल्या आणि म्हणाल्या, “चहा नंतर. आधी मला बाजारातनं एक चक्कर मारून आण.”

नानासाहेब मुकाट्यानं मागच्या सीटवर जाऊन बसले.