वेणूबाईंचा ओवा

साताऱ्याकडच्या वेणूबाई वाशीच्या मसाला मार्केटात ओवा निवडायच्या. पोट बिघडलं की हमाल आधी त्यांनाच गाठायचे.

पंच्याण्णव सालच्या होळीला पेढीचे मुनीम दामजीभाई एका हमालाच्या घरी आठ पुरणपोळ्या हाणून आले आणि पोट धरून पोत्यांवर आडवे झाले.

"वेणूबाई, माझं काय खरं नाही!"

वेणूबाईंनी चिमूटभर ओवा आणि काळं मीठ त्यांच्या तळहातावर ठेवलं. "बारीक चावा, वर कोमट पाणी प्या. तासाभरात उतार नाही पडला, तर डॉक्टरकडं नेते."

तास कुठला! पंधरा मिनिटांत मुनिमांनी असा ढेकर दिला, की समोरच्या गाळ्यातल्या हमालांनी टाळ्या वाजवल्या. मुनीमही हसत उठून बसले.

शाळेची पायरी न चढलेल्या वेणूबाईंना मार्केट त्या दिवसापासून 'डॉक्टरीणबाई' म्हणू लागलं, आणि त्याही ऐटीत 'ओ' देऊ लागल्या.